बॉनेटखालचे तेहतीस मिलिमीटर

शेव्हरलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनासाठी दोन लांबीचे वॉटर पंप मिळतात. ब्लॉकला टेकणाऱ्या तोंडापासून पुली बसते त्या चकतीपर्यंत मोजलं, तर आखूड पंप सुमारे १४३ मिलिमीटर भरतो आणि लांब पंप सुमारे १७६. फरक तेहतीस मिलिमीटरचा. हे इंजिन १९५५ साली आलं तेव्हापासून १९६८ पर्यंत मोटारींमध्ये आखूड पंप होता. १९६९ पासून कंपनीने बहुतेक मोटारींना लांब पंप द्यायला सुरुवात केली. कॉर्व्हेटच्या पुढच्या भागात जागा बेताची, त्यामुळे तिथे आखूड पंप १९८२ पर्यंत टिकला. मूळ गाडी चालवणाऱ्याला या फरकाचा पत्ताही लागत नाही. पण तेच इंजिन उचलून दुसऱ्या गाडीत बसवायला घेतलं, की रेडिएटर आणि पंपाच्या मधल्या या पट्टीवर सगळं काम अडू शकतं.

इंजिन स्वॅप करणारे सहसा आधी मोठ्या गोष्टी मोजतात. गिअरबॉक्स जुळतो का, माउंटिंग कुठे येतील, ऑइल चेंबर क्रॉसमेंबरला लागतं का, सायलेन्सरचा पाइप स्टीअरिंगच्या दांड्याजवळून निघेल का. यात गैर काही नाही. मात्र वॉटर पंप हा शेवटी दुकानातून आणून लावायचा सुटा भाग समजला जातो आणि तिथे गणित बिघडतं. इंजिन मागे घ्यायला फायरवॉल आड येते, खाली घ्यायला क्रॉसमेंबर, वर घ्यायला बॉनेट. एकदा माउंटिंग वेल्ड झाली, की राहिलेली सगळी चूक पुढच्या बाजूला साठते. तिथे पंप, पुली, फॅन आणि रेडिएटर एकामागे एक उभे असतात. जागा कमी असेल तर पंपाचा विचार माउंटिंगच्या आधी व्हायला हवा. आणि पंपाचं माप म्हणजे केवळ त्याची लांबी नव्हे. बेल्टची रेषा, फिरण्याची दिशा, पाणी आत येण्याची बाजू आणि थर्मोस्टॅटची जागा या चारही गोष्टी पंपाबरोबर येतात.

ही अडचण जुनी आहे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला पहिल्या अडीच हजार गाड्यांनंतर पंपच उरला नाही. तापलेलं पाणी आपोआप वर चढतं, थंड झालेलं खाली उतरतं, एवढ्यावर ते इंजिन चालायचं. १९३२ मध्ये फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८ आलं. त्याला दोन पंप होते, प्रत्येक बाजूच्या हेडच्या पुढच्या टोकाला एक. ते तापलेलं पाणी वरून ओढून घ्यायचे. १९३७ मध्ये फोर्डने पंप खाली ब्लॉकवर आणले आणि ते थंड पाणी आत ढकलू लागले. त्यानंतरच्या दशकभरातल्या गाड्यांमध्ये इंजिनाचे पुढचे माउंटिंगही या पंपांच्याच ओतकामात होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जुन्या गाड्या वेगवान करण्याची, म्हणजे हॉट रॉडची, लाट आली आणि १९५५ नंतर या जुन्या फोर्डमध्ये शेव्हरलेचं नवं इंजिन घालायची रीतच पडली. फ्लॅटहेड निघालं, की पंपाबरोबर इंजिनाचा पुढचा आधारही निघून जायचा. नवे आधार कुठे वेल्ड करायचे हे रेडिएटरपर्यंतची मोकळी जागा पाहून ठरायचं, आणि ती जागा पंपाच्या लांबीवर अवलंबून असायची.

म्हणूनच शेव्हरलेच्या आखूड पंपाला आजही मागणी आहे. पण तो घेणाऱ्याला पुढे काय वाढून ठेवलंय, हे जवळून पाहण्यासारखं आहे. १९६८ पर्यंत अल्टरनेटर ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे अमेरिकन गाडीत डावीकडे असायचा. १९६९ मध्ये लांब पंपाबरोबर तो उजवीकडे गेला आणि त्याचे ब्रॅकेट बसवण्यासाठी सिलिंडर हेडच्या टोकांना आटे पाडलेली भोकं आली. आधीच्या हेडना ही भोकं नाहीत. आता कुणी १९६६ ची हेड असलेलं इंजिन घेतलं आणि त्याला सत्तरच्या दशकातले लांब पंपाचे ब्रॅकेट आणले, तर ते अडकवायला जागाच सापडत नाही. उलट नव्या इंजिनावर आखूड पंप लावला, तर लांब पंपाच्या पुल्या पुढे राहतात आणि बेल्ट तिरका पळतो. शिवाय १९७१ नंतरच्या कॉर्व्हेटच्या आखूड पंपाचा दांडा पाऊण इंची, तर जुन्या पंपाचा पाच अष्टमांश इंची. दोन्हींच्या जाडीत जेमतेम तीन मिलिमीटरचा फरक, पण त्यामुळे फॅनचं मधलं भोक बसत नाही. भंगार बाजारातून आणलेला पंप दिसायला अगदी हवा तसा असतो आणि शेवटच्या क्षणी फॅन हातात राहतो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

शेव्हरलेच्याच बिग ब्लॉक इंजिनाचीही हीच तऱ्हा. तिथे आखूड आणि लांब पंपांतला फरक जवळपास चार सेंटिमीटरचा आहे.

१९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलेलं एलएस कुटुंब आज जगभरच्या स्वॅपचं सर्वांत लाडकं इंजिन आहे. इथे कंपनीने तीन वेगवेगळ्या बेल्टरेषा ठेवल्या. कॉर्व्हेटची रेषा ब्लॉकला सर्वांत जवळ. कॅमॅरोची तिच्यापेक्षा साधारण १९ मिलिमीटर पुढे. पिकअप आणि एसयूव्हीची सुमारे ३८ मिलिमीटर पुढे. स्वस्तात मिळणारी एलएस इंजिनं बहुधा भंगारात निघालेल्या पिकअपची असतात, म्हणजे सर्वांत लांब नाकाची. ट्रकमध्ये जागेची ददात नव्हती. छोट्या स्पोर्ट्‌स कारमध्ये तेच नाक रेडिएटरला भिडतं. मग लोक एकटा कॉर्व्हेटचा पंप मागवतात आणि फसतात, कारण क्रँकवरची पुली, अल्टरनेटरचं ब्रॅकेट आणि टेन्शनर हे सगळे ट्रकच्याच रेषेत राहतात. तिन्ही रेषांतली कोणतीही घ्या, पण ती क्रँकपासून अल्टरनेटरपर्यंत अख्खी घ्यावी लागते. असा पूर्ण संच नवा घेतला तर महाग पडतो. तरीही एकेक भाग जमवत, वॉशर घालून रेषा जुळवण्यापेक्षा तो शहाणपणाचा. वॉशरवर उभी केलेली पुली बेल्ट खाते आणि पंपाचं बेअरिंगही.

फोर्डच्या ३०२ इंजिनाने आणखी दोन प्रश्न उभे केले. पहिला प्रश्न पाण्याच्या बाजूचा. १९६९ पर्यंतच्या ॲल्युमिनियमच्या पंपात रेडिएटरचं पाणी उजवीकडून आत येतं, १९७० पासूनच्या बिडाच्या पंपात डावीकडून. रेडिएटरचं खालचं तोंड एका बाजूला आणि पंपाचं दुसऱ्या बाजूला असेल, तर खालचा होज क्रँकच्या पुलीखालून आडवा न्यावा लागतो. जागा आधीच तुटपुंजी असलेल्या गाडीत हा होज बेल्टला घासला, की भर रस्त्यात पाणी सांडतं. दुसरा प्रश्न दिशेचा. जुन्या व्ही-बेल्टच्या पंपाची पुली क्रँकच्याच दिशेने फिरते. नंतर एकच चपटा लांब बेल्ट आला. तो बऱ्याच इंजिनांत पंपाला आपल्या पाठीने फिरवतो, त्यामुळे पंप उलटा फिरतो. अशा पंपाच्या इम्पेलरची पाती त्या दिशेसाठी वळवलेली असतात. बाहेरून दोन्ही पंप सारखे, बोल्टही सारखेच. चुकीचा लावला तरी पाणी थोडंफार फिरतं आणि गाडी सावकाश जाताना काहीच जाणवत नाही. चढावर काटा लाल रेघेकडे सरकू लागला, की मालक रेडिएटर बदलतो, थर्मोस्टॅट बदलतो, हेड गॅस्केटवर संशय घेतो. पंप आत्ताच नवा बसवलाय म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नाही. कपाटावर पडून असलेला पंप लावण्याआधी त्याची पाती कुठल्या बाजूला झुकलीत आणि बेल्ट त्याला कुठल्या पृष्ठभागाने धरणार आहे, हे दोन मिनिटांत तपासता येतं.

काही इंजिनांमध्ये निवडीला वावच नसतो. टोयोटाचं चार लिटरचं १यूझेड व्ही-८ लेक्सस एलएस ४०० बरोबर १९८९ मध्ये आलं. त्याचा पंप टायमिंग बेल्टवर फिरतो. सुबारूच्या ईजे मालिकेतही तसंच. या पंपांची लांबी टायमिंगच्या झाकणाआड ठरून गेलेली असते, त्यामुळे पुढची जागा बेल्टची चिंता न करता मोजता येते. तोटा असा, की बेअरिंग जाम झालं तर टायमिंग बेल्टही जातो. जनरल मोटर्सच्या १९९२ ते १९९७ दरम्यानच्या एलटी१ मध्ये पंप थेट कॅमशाफ्टवरच्या दात्यांवर चालतो, म्हणजे त्याला बेल्टच नाही. जागा वाचते. पण ठिणगी वाटणारा ऑप्टिस्पार्क डिस्ट्रिब्युटर नेमका पंपाखाली बसवला आहे. पंप गळायला लागला की पाणी त्याच्यावर टपकतं आणि इंजिन मिसफायर करू लागतं. हे इंजिन कुठल्याही गाडीत बसवताना पंप जुनाच ठेवणं म्हणजे उद्याचं काम आज टाळणं.

यानंतर येतो तो पर्याय, ज्याच्याकडे जागेची टंचाई असलेला प्रत्येक जण आशेने पाहतो: इलेक्ट्रिक पंप. कल्पना मोहात पाडणारी आहे. बेल्टचा पंप काढून तिथे पातळ झाकण लावायचं आणि विजेवर चालणारा पंप जागा असेल तिथे, शक्यतो रेडिएटरच्या खालच्या तोंडाजवळ बसवायचा. अमेरिकेत ड्रॅग रेसवाले हे फार पूर्वीपासून करत आले आहेत, कारण दोन शर्यतींच्या मधे इंजिन बंद ठेवून पाणी फिरवत ते थंड करता येतं. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिस क्रेग कंपनीचे ८०, ११५ आणि १५० असे आकडे नावात असलेले पंप जगभरच्या स्वॅपमध्ये दिसतात. हे आकडे मिनिटाला किती लिटर पाणी वाहतं ते सांगतात. मोठ्या कंपन्यांनीही हा मार्ग स्वीकारला आहे. बीएमडब्ल्यूच्या एन५२ इंजिनात दोनशे वॉटचा इलेक्ट्रिक पंप आला आणि २०१० च्या टोयोटा प्रियसच्या इंजिनाला तर बाहेरचा बेल्टच उरला नाही.

पण हे आकडे नीट वाचायला हवेत. अर्धं पाणी आणि अर्धं कूलंट असं मिश्रण सेकंदाला एक लिटर वाहत असेल आणि रेडिएटरमध्ये ते एक अंशाने थंड होत असेल, तर सुमारे ३.६ किलोवॅट उष्णता बाहेर पडते. मिनिटाला ८० लिटर आणि आठ अंशांचा फरक धरला, तर हिशोब सुमारे ३८ किलोवॅटवर जातो. मात्र ८० हा आकडा मोकळ्या पाइपचा. ब्लॉक, हेड, रेडिएटर आणि वळणावळणांचे होज यांच्या विरोधात तोच पंप मिनिटाला ५० लिटर देत असेल, तर २४ किलोवॅटच उरतात. पेट्रोल इंजिन चाकांना जेवढी शक्ती देतं, ढोबळ मानाने त्याच्या निम्मी ते तेवढीच उष्णता पाण्यात सोडतं. सपाट रस्त्यावर एका गतीने जाणाऱ्या मध्यम मोटारीला फार शक्ती लागत नाही, त्यामुळे २४ किलोवॅट पुरतात. तीच गाडी ट्रेलर ओढत डोंगर चढू लागली किंवा रेस ट्रॅकवर गेली, की पुरत नाहीत. बेल्टच्या पंपाचा गुण इथे दिसतो: इंजिन जोरात फिरलं, की तोही जोरात फिरतो. सेंट्रिफ्युगल पंपाचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात वाढतो, दाब वेगाच्या वर्गाने आणि त्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. इंजिनाचा वेग दुप्पट झाला तर पंप आठपट शक्ती खातो, आणि इलेक्ट्रिक पंपवाल्यांचा या पंपावरचा आक्षेप हाच आहे. तो खरा आहे. पण रस्त्यावर धावणारं इंजिन आपला फार थोडा वेळ सर्वोच्च वेगाला घालवतं.

इलेक्ट्रिक पंप बंद पडला, तर काही सूचना न देता बंद पडतो. बीएमडब्ल्यूच्या मालकांना हे चांगलंच ठाऊक आहे. बेल्टचा पंप जाण्याआधी आवाज करतो, पाण्याचा ओघळ दाखवतो. म्हणून इलेक्ट्रिक पंप घेणाऱ्याने स्वतंत्र रिले, जाड वायर आणि इंजिनाच्या हेडवर बसणारा, धोक्याला दिवा लावणारा तापमानाचा सेन्सर यांचा खर्च पंपाच्या किमतीतच धरावा. सेन्सर होजमध्ये बसवला आणि पाणी वाहायचंच थांबलं, तर तो थंड पाण्याचं तापमान दाखवत राहतो आणि इंजिन मात्र आतून भाजतं. कुटुंबाच्या रोजच्या गाडीसाठी, त्याच इंजिनाच्या भावंडांपैकी एखाद्या गाडीचा आखूड यांत्रिक पंप मिळत असेल, तर तोच आधी निवडावा. इलेक्ट्रिक पंप त्यानंतर.

इथे एक समजूत मोडायला हवी. पाणी फार जोरात फिरलं तर त्याला रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही, असं गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं. पाणी एकाच वर्तुळात फिरत असतं. रेडिएटरमध्ये त्याला जितका कमी वेळ मिळतो, तितकाच कमी वेळ ते इंजिनात राहतं आणि पुन्हा रेडिएटरकडे येतं. प्रवाह वाढला की एकंदर उष्णता जास्तच निघते. थर्मोस्टॅट काढून टाकल्यावर एखादी गाडी तापते, त्याचं कारण वेगळं आहे. थर्मोस्टॅटचा अडथळा गेल्यामुळे ब्लॉकमधला दाब कमी होतो आणि वाफेचे फुगे धातूला चिकटतात. पंपाच्या तोंडाशी तर दाब सर्वांत कमी असतो. तिथे बुडबुडे तयार होऊन फुटले, की इम्पेलरचा धातू झिजतो. रेडिएटरच्या टोपीचा दाब म्हणूनच महत्त्वाचा. एक बारची टोपी उकळण्याचा बिंदू वीसेक अंशांनी वर नेते. खालच्या होजमध्ये तारेची स्प्रिंग असते ती याच ओढीसाठी. ती नसेल, तर उच्च वेगाला होज आत चिमटतो आणि पंप उपाशी राहतो. स्वॅपमध्ये होज कापून, जोडून बनवला जातो आणि ही स्प्रिंग तिथेच हरवते.

थर्मोस्टॅटची जागाही पंपाच्या निवडीत धरावी लागते. एलएस आणि सुबारू ईजे या दोन्हींमध्ये थर्मोस्टॅट पंपाच्या आत येणाऱ्या पाण्यावर असतो. तो उघडायचा, तर गरम पाण्याचा थोडा प्रवाह त्याच्या मागच्या बाजूला पोहोचायला हवा आणि तो हीटरच्या वाटेने येतो. हीटर नको म्हणून ती दोन तोंडं बुचांनी बंद केली, तर थर्मोस्टॅटला गरम पाणी दिसतच नाही. तोंडं एकमेकांना होजने जोडायची असतात. फोक्सवॅगनच्या मागे इंजिन असलेल्या जुन्या व्हॅनमध्ये सुबारूचं इंजिन बसवणाऱ्यांना हे कटाक्षाने पाहावं लागतं, कारण तिथे रेडिएटर गाडीच्या नाकाशी आहे आणि पाण्याला गाडीची लांबी दोनदा कापावी लागते. एलएसच्या हेडवरची वाफेची बारीक तोंडंही वरच्या टाकीला जोडावी लागतात. स्वॅपमध्ये इंजिन बऱ्याचदा रेडिएटरच्या टोपीपेक्षा उंच बसतं. मग हवा वर अडकते आणि पंप कितीही चांगला असला तरी ती हलवू शकत नाही. सर्वांत उंच जागी वेगळी टाकी देणं हा त्यावर खात्रीचा उपाय.

कधीकधी पंपाला हात न लावता प्रश्न सुटतो. ब्रिटिश एमजीबी जीटीमध्ये कंपनीनेच १९७३ ते १९७६ दरम्यान रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ बसवलं. हे इंजिन मुळात ब्यूइकचं, १९६१ चं. अभियंत्यांनी रेडिएटर पुढे सरकवला आणि इंजिनावरचा फॅन काढून दोन इलेक्ट्रिक फॅन दिले. अशा २,५९१ गाड्या बनल्या. इंजिनावरचा फॅन गेला, की त्याचं वजन पंपाच्या बेअरिंगवरून उतरतं आणि पात्यांपुढे सोडायची अडीचेक सेंटिमीटर जागा मोकळी होते. मात्र इलेक्ट्रिक फॅन रेडिएटरच्या मागे लावला, तर तोही पाच ते दहा सेंटिमीटर खातो. त्याची मोटर पुलीच्या समोर येऊ नये म्हणून ती बाजूला घ्यावी लागते.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी संबंध जीपमुळे येतो. अमेरिकेत सीजे-५ जीपमध्ये व्ही-८ बसवायचं, तर आखूड पंप जवळपास गृहीत धरला जातो. त्याच घराण्यातल्या विलिस जीपची जुळणी महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला सुरू केली आणि तिच्या वंशजांमध्ये पेट्रोलऐवजी डिझेल इंजिन बसवण्याचं काम इथल्या गॅरेजांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. इथली परिस्थिती अमेरिकेपेक्षा कडक आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पारा पंचेचाळीसच्या पलीकडे जातो. बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये भरण्याची सवय पंपाच्या सीलचा जीव घेते. कायद्याचं भानही लागतं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, इंजिन बदलायला आरटीओची परवानगी हवी, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही बंधनं ठामपणे लागू केली. परवानगी आधी आणि पंप नंतर, असा क्रम ठेवला तर पैसे वाचतात.

परवानगीने झालेलं कामही पहिल्या खंबाटकी किंवा कसारा घाटात पारखलं जातं. तिथे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरतं आणि गाडी हळू चालते, म्हणून वाऱ्याची मदत मिळत नाही. यांत्रिक पंप तिथे भरपूर पाणी देतो. कमी पडतो तो फॅन. वर पोहोचल्यावर वाहतुकीत अडकलं, की उलटं होतं: पंप मंद आणि इंजिन तापलेलं. मोठी पुली लावून पंपाचा वेग कमी केला असेल, तर काटा इथे चढतो.

शेवटचं मोजमाप पान्याचं. स्मॉल ब्लॉकचा पंप चार बोल्टवर असतो. अशा पंपाच्या मानेखाली एक बारीक भोक असतं आणि सील गेलं, की पहिलं पाणी तिथून टपकतं. रेडिएटर जागेवर असताना ते भोक आरशाने तरी दिसायला हवं आणि चारही बोल्टना सॉकेट लागायला हवं. हे जमत नसेल, तर क्रॉसमेंबर कापण्याआधी रेडिएटरचे ब्रॅकेट बोल्टवर, सहज काढता येतील असे बनवून घ्यावेत, कारण या पंपाला कधीतरी बदलावंच लागणार आहे.